वडिलांच्या ठेवींवर माझं नाव

रविवार, ९ मार्च २०२५. रक्कम एकेचाळीस लाख साठ हजार रुपये. हजर तिघे: वडील, धाकटा भाऊ आणि मी. जागा निगडीतलं आमचं घर.

ही रक्कम वडिलांच्या सात मुदत ठेवींची. भोसरीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होताना मिळालेला सगळा पैसा त्यांनी या ठेवींत ठेवला होता. दुसरं नाव आईचं होतं. आई गेल्यावर, आपल्याकडे लावतात तसं, थोरल्याचं लावलं. म्हणजे माझं.

मी चौदा वर्षं अमेरिकेत होतो. तिथलं नागरिकत्व घेतलं आणि सहा वर्षांपूर्वी परत आलो. आता तळवड्यात नोकरी करतो. पण अमेरिकेचा नागरिक कुठेही राहत असला, तरी त्याला दरवर्षी तिथे हिशोब द्यावा लागतो. अमेरिकेबाहेर ज्या खात्यांवर त्याचं नाव आहे, त्यांची बेरीज दहा हजार डॉलरच्या वर गेली, की प्रत्येक खातं कळवायचं. त्यातला पैसा कोणाचा, हा प्रश्न नंतरचा. न कळवल्याचा दंड मात्र मोठा.

म्हणून मी वडिलांकडे पावत्या मागितल्या.

"कशाला?"

"अमेरिकेला कळवायच्यात."

वडिलांनी भावाकडे पाहिलं. भाऊ चाकणला कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी फारसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

"दादा, पैसा अप्पांचा, बँक निगडीची. मधे अमेरिका कुठून आली?"

"माझ्या नावामुळे."

"मग उद्या तिकडे तुझं काही लफडं झालं, तर अप्पांच्या पैशाला हात लावतील?"

"हे नुसतं कळवायचं असतं. कर नाही त्याच्यावर."

"सरकार नुसतं विचारतं आणि गप्प बसतं होय? भारीच सरकार आहे राव तुझं!"

वडील उठले, कपाटातून पावत्या घेऊन आले. पाच होत्या.

"अप्पा, मी सातांवर सही केली होती."

"बरोबर लक्षात ठेवलंस," ते म्हणाले. हे कौतुक नव्हतं.

उरलेल्या दोन पावत्या भावाच्या सांगण्यावरून मागे ठेवल्या होत्या, असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं. मी विचारलं नाही. दुसरं नाव माझंच असल्यामुळे बँकेतून परस्पर माहिती काढता आली असती. पण ते कळलं असतं, तर वडिलांचा संशय पक्काच झाला असता. मी थांबलो. बुधवारी त्यांनी दोन्हींच्या झेरॉक्स दिल्या. मूळ पावत्या दाखवल्या नाहीत.

सात ठेवी आणि माझी स्वतःची खाती, सगळं कळवून झालं. तो कागद मी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"आता तुझं नाव काढू या. धाकट्याचं लावतो," ते म्हणाले.

"लावा."

मी एवढ्या पटकन हो का म्हणालो, याचाही त्यांना संशय आला असावा.

बँकेने सांगितलं, नाव बदलायचं तर ठेवी मोडून नव्या कराव्या लागतील. मुदतीआधी मोडल्यामुळे तेवीस हजार चारशे चाळीस रुपये व्याज बुडालं.

माझ्या पगारावर इथे भरलेल्या कराची वजावट मिळून अमेरिकेला मी दिले शून्य. कर सल्लागाराला अठ्ठावीस हजार. बुडालेलं व्याज, तेवीस हजार चारशे चाळीस, वडिलांना रोख. ते त्यांनी माझ्यासमोर दोनदा मोजून घेतले.