सहा सुकलू मडावी

करिश्मा मडावी एकदा कामाला भिडली की तिला जेवणाचीही शुद्ध राहत नाही. कुरखेड्यातल्या एका संस्थेत ती कॉम्प्युटर सांभाळते. यंदा तिनं वनहक्काचे दोनशे बारा दावे स्कॅन करून गावागावाच्या फोल्डरात लावले आणि यादीसाठी प्रोग्रामही स्वतःच लिहिला. फाईलचा पत्ता लांबलचक होता, आधी तालुका, मग गाव, शेवटी माणसाचं नाव. तिनं कोडला सांगितलं, शेवटच्या तिरप्या रेघेनंतरचं नाव तेवढं घे, आधीचा पत्ता सोड, आणि सगळ्या फाईली एका फोल्डरात आण. काम झटक्यात झालं आणि पोरगी खूश.

यादी पाच वाजेपर्यंत जिल्ह्याला जायची होती. दुपारी म्हातारा सुकलू मडावी आपला कागद पाहायला आला. स्क्रीनवर त्याच्या दाव्यातला वावराचा नकाशा उघडला तसा तो मान हलवू लागला.

"हे वावर मायं नोहोय, बाई. माया वावरात नाला नाई."

करिश्मानं फाईली मोजल्या, तर एकशे त्र्याऐंशीच. आता काय म्हणावं! इकडं शुक्रवारी जन्मला तो सुकलू, बुधवारी झाली ती बुधरी, आणि आडनाव कुळाचं, तेही दहा गावांत एकच. गाव सोडलं की सहा सुकलू मडावींचा एकच उरतो, कारण मागून आलेली फाईल आधीच्या फाईलवर चढून बसते. शहरातल्या कुणी ही चूक केली असती तर समजू, हिची तर सख्खी माय बुधरी!

संस्थेचे प्रमुख गुणवंतराव माणूस वाईट नाही, पण त्यांना घड्याळ दिसत होतं. आहेत तेवढे पाठव, बाकीच्यांचं पुढच्या खेपेला पाहू, म्हणाले. मग हळूच विचारलं, "तुया मायचा दावा तर हाय ना यादीत?"

"हाय, सर. दुसऱ्या तीन बुधरींच्या जाग्यावर बसून हाय."

"पाचाच्या आत कर मंग," गुणवंतराव म्हणाले.

लाजेनं तिचे कान तापले होते, पण हात थांबले नाहीत. मूळ फोल्डर शाबूत होते, एवढं नशीब. तिनं नावाअगोदरचा तुकडा, म्हणजे गाव, काढून नावाला जोडला. फाईली आल्या दोनशे दहा. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत निघाली. मग तिनं तालुकाही जोडला, आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा फाईली आल्या.

"सुकलूभाऊ, आता पाहा," ती म्हणाली.

त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं नकाशातल्या आपल्या धानाच्या बांधीवर बोट ठेवलं, "हे मायं," म्हणाला, आणि बोट काही काढेना. पाच वाजायला तीन मिनिटं होती. करिश्मानं त्याचा हात हळूच बाजूला केला आणि यादी धाडली.