जिभेचा उपास

किस्से कुठे साठतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. जत्रा, ओटे, पाणवठे अशी नेहमीची उत्तरे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे दिली. निवृत्तीनंतर लक्षात आले की ही यादी अपुरी होती. जिथे दहाबारा माणसे ठरवून चांगले वागायला जमतात, तिथे किस्से सर्वांत वेगाने साठतात. आणि जो स्वतःला त्यांचा संग्राहक समजतो, त्यांतले बहुतेक त्याच्याच नावावर जमा होतात.

आमची प्रार्थनासंगत सौंसरला, येशुदासभाऊंच्या ओसरीवर भरते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी. येशुदासभाऊंची रामाकोन्याकडे संत्र्याची बाग आहे. मार्थाताई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, वयाने सर्वांत लहान. मी पांढुर्ण्याहून बसने येतो. वयाने आणि बोलण्याने सर्वांत मोठा. रिवाज असा की प्रत्येकाने आपल्याला मोहात पाडणारी एक गोष्ट सोडायची, आणि ती खरोखर सुटली का हे पाहायला चिठ्ठी टाकून एक जोडीदार घ्यायचा.

* * *

गेल्या वर्षी मी चहा सोडला होता. विचारपूर्वक निवड केली होती : त्याग दिसायला साधा, पण सांगायला बरा.

चौथ्या दिवशी डोके ठणकू लागले. सहाव्या दिवशी मी दूधवाल्याशी भांडलो, आठव्या दिवशी पेपरवाल्याशी. दुसऱ्या शुक्रवारी माझी पत्नी माझ्यासोबत सौंसरला आली आणि प्रार्थना सुरू होण्याआधीच पाळकसाहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, यांना चहा पिऊ द्या. यांच्या उपासानं आमचा लेंट लय कठीण होऊन राहिला."

पाळकसाहेबांनी सवलत दिली, पण पुढच्या वर्षासाठी अट घातली. ज्याचा त्रास दुसऱ्यांना होतो, असे काहीतरी मी सोडावे. मी विचार करायला वेळ मागितला. पत्नीला वेळ लागला नाही.

"लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढणं," ती म्हणाली. ओसरीवर कोणीच आश्चर्य दाखवले नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

* * *

आश्चर्य वाटायला नको होते. त्याआधीच्या वर्षी मार्थाताई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या होत्या. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले, ते सर्वांसमोर सांगणे. त्या वडिलांविषयी सांगत होत्या.

वडील एका संत्र्याच्या बागेत राखणदार होते. मालकाने एक दिवस त्यांना गोड संत्रे आणायला सांगितले. त्यांनी आणलेले आंबट निघाले. इतके महिने बागेत राहून गोड झाड कोणते ते कळत नाही का, असे मालकाने विचारले. वडील म्हणाले, "तुम्ही मले राखाले ठेवलं, चाखाले नाही."

इथे मी हात वर केला. ही भटकी कथा असून ती अनेक प्रांतांत अनेक सत्पुरुषांच्या नावावर सांगितली जाते, फळ तेवढे बदलते, हे मी सविस्तर मांडले. मांडणी उत्तम झाली. पंधरा मिनिटांनी मी थांबलो तेव्हा मार्थाताई खाली बसलेल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी साक्ष दिली नाही. त्या येत, गात, इतरांसाठी प्रार्थना करीत. पण स्वतःचे काही सांगत नसत. एका बाईचे वडील मी कथाप्रकारांच्या यादीत घालून टाकले होते, हे मला बसमध्ये, एकट्याने, फार उशिरा कळले. क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर." पण साक्षीला त्या उभ्या राहिल्या नाहीत.

यंदा माझ्या चिठ्ठीत जोडीदार म्हणून त्यांचेच नाव निघाले. त्यांनी पुन्हा उभे राहावे, एवढे एकच या चाळीस दिवसांत मला हवे होते. त्यासाठी मला फक्त गप्प बसायचे होते!

* * *

इतरांचे उपास माझ्याहून कठीण होते, हे प्रांजळपणे नोंदवतो. येशुदासभाऊंनी संत्री सोडली. मृग बहाराचा, ऐन लेंटमध्ये पिकणारा माल झाडावर, वर्षाची कमाई त्यात, आणि बागवानाने संत्रे तोंडात घालायचे नाही!

नागपूरचा व्यापारी बाग पाहायला आला. त्याने एक संत्रे सोलले, अर्धे भाऊंपुढे धरले. भाऊंनी मान हलवली. व्यापाऱ्याने आपल्या हातातले अर्धेही खाली ठेवले आणि फवारणी कधी केली, असे विचारले. भाऊ सांगू लागले, तसतसा त्याचा संशय वाढला. सौदा मोडायला आला तेव्हा भाऊंनी शेवटी उपासाचे सांगितले.

व्यापारी हसला. त्याची त्या दिवशी चतुर्थी होती. "असं होय? तुमच्या उपासाले संत्रं चालत नाही, माह्या उपासाले चालते. आणा मंग इकडं," म्हणत त्याने दोन्ही अर्धी खाल्ली आणि सौदा केला.

भाऊंनी हे ओसरीवर सांगितले तेव्हा मला फलाहाराच्या संकल्पनेविषयी थोडे बोलायचे होते. मार्थाताईंनी माझ्याकडे पाहिले. मी पाणी प्यायलो.

* * *

मार्थाताईंनी तिखट बोलणे सोडले होते. आयुष्यभर वॉर्डात वापरलेला आवाज त्यांनी एका दिवसात मऊ केला.

शेजारचे आजोबा नेहमीप्रमाणे बीपी मोजायला आले. एरवी मिठाच्या डब्यावरून त्यांची खरडपट्टी निघत असे. यंदा ताई म्हणाल्या, "बसा बाबा, आराम करा, काही काळजी करू नका."

आजोबा घरी गेले आणि दोन्ही मुलांना नागपूरहून बोलावून घेतले. नर्सबाई गोड बोलून राहिल्या, म्हणजे आपले काही खरे नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला होता. ताईंना त्यांच्या घरी जाऊन, मुलांसमोर, मिठावरून पुन्हा झापावे लागले. तेव्हा कुठे ते जेवले.

* * *

तिसऱ्या शुक्रवारी पाळकसाहेबांनी प्रवचनात या भागातल्या एका जुन्या चालीरीतीचा उगम चुकीचा सांगितला. मी एक शब्द बोललो नाही. संगत उठल्यावर मी मार्थाताईंकडे शाबासकीच्या अपेक्षेने गेलो.

"तोंड बंद होतं," त्या म्हणाल्या. "पण सर, तुमचा चेहरा दुरुस्ती करून राहिला होता. साहेब दोनदा अडखळले."

त्या दिवसापासून माझा उपास भुवयांनाही लागू झाला. मी मागच्या रांगेत, खांबाआड बसू लागलो आणि एक छोटी वही जवळ बाळगली. जे बोलायचे नाही ते तीत लिहायचे, असा शास्त्रशुद्ध तोडगा काढला. दोन शुक्रवार फार शांततेत गेले. मग ताईंनी वही मागितली. माणसागणिक, विषयवार, क्रमांक टाकलेल्या दुरुस्त्या त्यांनी चष्मा लावून वाचल्या.

"हे तं उपास नाही झाला, सर. हे डब्यात भरून ठेवणं झालं."

वही त्यांच्या पर्समध्ये गेली.

* * *

शुभ शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीचा शुक्रवार. पाळकसाहेबांनी साक्षीसाठी विचारले आणि मार्थाताई उभ्या राहिल्या. मी खांबाला घट्ट धरले.

त्यांनी वडिलांचीच गोष्ट घेतली. मालक नागपूरहून मेलने आला आणि तिगावला उतरला, म्हणाल्या. मेल गाडी तिगावच्या लहानशा स्टेशनावर थांबत नाही. मी गप्प राहिलो. जेठ महिना होता आणि झाडे पिकल्या संत्र्यांनी लवली होती, म्हणाल्या. जेठात, भर उन्हाळ्यात, आमच्याकडे झाडावर पिकले संत्रे सापडणार नाही, हे येशुदासभाऊंचे कुत्रेही जाणते. मी गप्प राहिलो. रामाकोन्याहून पांढुर्णा दोन कोस, म्हणाल्या. पांढुर्ण्याहून नुसत्या सौंसरलाच त्याच्या कितीतरी पट अंतर आहे, मी ते दर शुक्रवारी हाडे खिळखिळी करून येतो. तरी गप्प राहिलो. राखाले ठेवलं, चाखाले नाही, हे वाक्य आले आणि गेले.

चौथी चूक सर्वांत मोठी होती. ही कथा मालकाच्या कौतुकावर संपते. मला माहीत असलेल्या प्रत्येक पाठात ती तिथेच संपते. ताई पुढे गेल्या. मालकाने गावभर कौतुक केले, लोक वडिलांना हात जोडू लागले. पुढचे काही महिने वडिलांनी कसेबसे काढले. मग नाताळच्या प्रार्थनेत ते उभे राहिले आणि मालकासमोर म्हणाले, "गोड झाड मले माहीत होतं. रोज खात होतो. सापडू नये म्हणून आंबट आणलं."

कथेचा सारा अर्थच उलटला होता. अभ्यासकाच्या दृष्टीने हा पाठ सरळ भ्रष्ट होता. मी खांब सोडला नाही. ताई खाली बसल्या.

नंतर चहा घेताना मला राहवले नाही. चाळीस दिवसांच्या कमाईची कोणीतरी दखल घ्यावी, असे वाटले.

"ताई," मी हळूच म्हणालो, "चार चुका होत्या. मी एकही काढली नाही."

त्यांनी कप खाली ठेवला आणि बोटांवर मोजले.

"तिगावची मेल. जेठातले संत्रे. पांढुर्ण्याचे दोन कोस." मग माझ्याकडे पाहिले. "मी तं तीनच टाकल्या होत्या, सर."