माझ्या घामावर फिनाईल

"शांताबाई, त्या कोपऱ्यात फिनाईल जरा जास्त टाकजो वं. तिथं मॅडम होत्या."

मॅडम म्हणजे मी. मी अजून खोलीतच होते, चटई गुंडाळत होते. बोलणारी बाई, म्हणजे आमचा क्लास घेणारी ताई, माझ्यापासून दोन हातांवर उभी. तिनं आवाजसुद्धा खाली केला नाही. फरशी पुसणाऱ्या शांताबाईनं बाटली उलटी केली. बाकी साऱ्या खोलीला साधं पाणी. मी उभी होते तेवढ्याच फरशीला फिनाईल. वास नाकात भरला. मी चटई बगलेत मारली आणि जिना उतरून खाली आले.

वाशिमात कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर हा क्लास निघाला होता. गरम खोलीतला व्यायाम. दारं-खिडक्या बंद, भिंतीला हीटर, आत तासभर हातपाय हलवायचे आणि घाम गाळायचा. वजन झरझर उतरतं म्हणे. पहिला आठवडा फुकट, पटलं तर पुढं नाव घाला. एप्रिल महिना होता. वाशिमात एप्रिलमध्ये खोली तापवायला मशीन लागतं, हे ऐकून मी ऑफिसात पोट धरून हसले होते. आमच्या टिनाच्या घरात हा क्लास बारा महिने चालायचा आणि त्याला कुणी नाव घातलं नव्हतं.

तरी गेले. भीतीनं गेले.

मला साखर आहे, बीपीची गोळी आहे. खुर्चीतली नोकरी. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर पायावर येईल." माझ्या आईचा पाय गुडघ्याखाली कापला होता.

आई शिरपूरकडच्या आमच्या गावात हळद शिजवायच्या कामाला जायची. उन्हाळा, खाली जाळ, वर कढईची वाफ. लुगडं अंगाला चिकटलेलं. प्यायला पाणी मागितलं तर मालकीण वरून ओतायची, आई खाली ओंजळ धरायची. मी बाजूला उभी राहून बघायची. आई काडीसारखी बारीक होती. त्या वाफेनं नाही, उपासानं. शेवटी त्या काडीलाही साखर झाली. पायाला उकळतं पाणी सांडलं, जखम चिघळली, आणि अकोल्याच्या दवाखान्यातून आई एक पाय घेऊन परत आली. म्हणजे बारीक असून काय मिळालं तिला? हा प्रश्न मी डॉक्टरांना कधी विचारला नाही. उत्तराची भीती वाटते.

तर क्लास. पहिले दोन दिवस मला फार मान मिळाला. आमच्या वऱ्हाडात माझं आडनाव कुणब्यांतही असतं, आमच्यातही असतं. ताईंनी आपल्या मनानं मला त्यांच्यात धरलं. पुढच्या ओळीत जागा. जोडीनं करायच्या व्यायामाला बायका आपणहून हात द्यायच्या. "या ना वैनी, इकडं या." घामानं ओले हात हातात. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी शांताबाई बादली घेऊन आत आली. मला बघून तिचा चेहरा फुलला. आमच्या विहारात ती येते. "जय भीम, मॅडम!"

"जय भीम," मी म्हणाले. जशी रोज म्हणते तशी, मोठ्यानं.

बस. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी माझी चटई मागच्या कोपऱ्यात. "तिथं हवा लागते तुमाले." दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत हवा! जोडीच्या व्यायामाला ताई म्हणाल्या, "तुमी भिंतीले धरून करा." वैनी म्हणणारीनं मान वळवली. आणि क्लास सुटल्यावर फिनाईल.

लोक म्हणतील, मग दुसऱ्या दिवशी परत कशाला गेलीस? गेले. कारण खोलीबाहेर वजनकाटा होता आणि तासाभरानंतर त्याच्यावर माझं वजन उतरलेलं दिसायचं. माणूस बुडत असला की काहीही धरतो. मी तो काटा धरला होता. अपमान गिळला की पाय वाचेल, असा हिशेब मी मनाशी केला होता. मला माझीच किळस आली, तरी मी जिना चढले.

त्या दिवशी आत चक्कर आली. डोळ्यांपुढं अंधारी. बाकीच्यांचे व्यायाम चालूच राहिले. कुणी पाणी दिलं नाही. मी भिंतीला टेकून बसून राहिले आणि बरं वाटल्यावर चटई तिथंच टाकून दवाखाना गाठला. डॉक्टर चिडले. "बाई, घामानं पाणी जाते. चरबी तिथंच राह्यते. दोन तांबे पाणी प्याल तर काटा पुन्हा जागेवर. अन् बीपीची गोळी खाऊन असल्या भट्टीत कायले बसता?" घरी येऊन मी पाणी प्यायले. संध्याकाळी शेजारणीच्या काट्यावर उभी राहिले. होतं तेवढंच वजन. त्यासाठी मी गप्प बसले होते.

फुकटच्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मी क्लास सुटायच्या वेळी गेले. आत जाऊन कोपऱ्यातली माझी चटई उचलली. शांताबाई बादली घेऊन आली. ताईंनी बोटानं कोपरा दाखवला. आज तर मी तिथं घामही गाळला नव्हता.

मी त्या जागेवर उभी राहिले. हलले नाही.

"काहून इथंच?" मी विचारलं.

"अहो, हायजीन असते मॅडम. तुमाले घाम जास्त येते ना."

"आज मी व्यायामच केला नाही. या पोरीचा घाम पाहा, दारापर्यंत वाहून राह्यला. तो?"

एकीनं चटईचा गुंडाळा छातीशी धरला. वैनी म्हणणारी मला हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना, कायले वाढवता."

"मी बौद्ध आहे म्हणून टाकता ना? तोंडानं सांगा."

"आमी असं काही मानत नाही," ताई म्हणाल्या. मग शांताबाईकडं वळून, "टाक वं तू."

शांताबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. बाटली उलटी केली. फिनाईल माझ्या पायाच्या बोटांपर्यंत आलं. तिचा पगार तिथूनच होतो. मला तिचा राग यायला नको होता. आला. अजून आहे.

मला वाटलं होतं, कुणीतरी माझ्या बाजूनं बोलेल, एखादी तरी उठेल. कुणी उठलं नाही. क्लास आजही जोरात चालतो. परवा ताईंचा फोन आला होता, "मॅडम, नाव घालता का? तुमच्यासारख्याईले लय फरक पडते."

"नाही," मी म्हणाले. "तुमी माझ्या पायाखाली फिनाईल ओतलं. कोणी विचारलं तर मी हेच सांगणार, ऑफिसात, विहारात, बसस्टँडवर." तिकडून फोन कट झाला.

आता सकाळी रस्त्यानं चालते. गुडघा दुखतो. भात कमी केला. वजन तिथंच आहे, साखरही. डॉक्टर मान हलवतात. हे उतरेल असं मला वाटत नाही. आईचा पाय गेला, माझाही एखाद्या दिवशी जाईल. जाऊ दे. जोवर अंगाला आहे तोवर तो त्या जिन्याची पायरी चढणार नाही, आणि मला कोपरा दाखवणाऱ्या कुणासाठीही जागेवरून हलणार नाही.