तळवड्याची झाकली मूठ

कराडहून निघाले तेव्हा माझं मत पक्कं होतं. आपल्यावर कुणी हात टाकला, तर सरकारनं दुप्पट हाणावं. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलंय मी. सरकारला शहाणपण सांगायची खोड जात नाही.

निमित्त धाकट्या भावाचं, दिलीपचं. तळवड्यात त्याचं छोटं वर्कशॉप आहे. लष्करी गाड्यांचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीला तो सुटे भाग करून देतो. आदल्या दिवशी फोनवर अगदी रडवेला झाला होता. कुणीतरी त्याचे सगळे कॉम्प्युटर बाहेरूनच कुलूपबंद केले होते. मशिनं ज्यावर चालतात ते प्रोग्रॅमही गेले. "ताई, कुणाला बोलू नकोस हं. कंपनीला कळलं तर ऑर्डर जाईल, मग वर्कशॉपच बंद."

निगडीला सहाआसनी रिक्षात बसले आणि गप्पांच्या नादात तळवडे मागे पडलं. इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर शेजारची बाई म्हणाली, "अवो, तळवडं मागंच ऱ्हायलं की! ह्यो चाकणचा रस्ता हाय (आहे)." घ्या! उतरले. एका बाजूला कंटेनरची न संपणारी रांग, दुसऱ्या बाजूला कांद्याचं हिरवंगार वावर. टपरीवर कांदाभजी खाल्ली, सोबत कच्चा कांदा. असला तिखट, की डोळ्यांतून धारा! म्हटलं, भावाकडे रडायचं ते इथंच उरकून घेऊ.

उलट्या रिक्षानं वर्कशॉप गाठलं. एरवी तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आज माझ्या चपलांचा आवाज येत होता.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई," दिलीप पुटपुटला.

"मुठीत काही उरलंय का? चोर घरात शिरला आणि लाजतोस तू?" मी तडकलेच. सरकारच्या सायबर मदत क्रमांकावर त्याला माझ्यासमोर फोन लावायला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायबर पथकाच्या कांबळे मॅडम आल्या. तपासून म्हणाल्या, "हे साध्या चोराचं काम दिसत नाही. मागं एखादं परकं सरकार असावं. पुरावा मिळाला तर दिल्ली जाब विचारेल."

"जाब कसला? त्यांचंही सगळं बंद पाडा!"

त्या हसल्या. "आणि दगड भलत्याच्याच घरावर पडला तर? शिवाय त्यानं तुमच्या भावाची मशिनं सुरू होणार आहेत का? त्यांना तुमचे सुटे भाग नकोत, ताई. तुमच्या दारातून पुढच्या घरात, त्या कंपनीत, शिरायचंय. आधी हे दार लावायचं, मग गल्ली जागी करायची. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव फुटणार नाही, ही हमी सरकारनं द्यायची. नाहीतर कोण बोलेल?"

दुप्पट हाणायचं माझं तिथंच राहिलं.

"पण प्रोग्रॅम?" दिलीपनं विचारलं. तेवढ्यात मशीन चालवणारे बीडचे नामदेवराव म्हणाले, "समद्या प्रोग्रॅमचा एक पेनड्राइव्ह हाय की! खंडेनवमीला (हत्यारं पुजतात त्या दिवशी) पूजेत ठिवला होता. तवापासून देवापाशीच हाय. देवाचं कशाला काढायचं, म्हन्लो."

मॅडमनी त्यावरचं हळदकुंकू पुसलं, तो स्वतःच्या लॅपटॉपवर नीट तपासला. अलीकडचे दोन-चार सोडले तर सगळे प्रोग्रॅम शाबूत! दिलीप मटकन खाली बसला. हसत होता की रडत होता, देव जाणे. मग त्यानं कंपनीला स्वतःहून कळवलं. ते म्हणाले, वेळेत सांगितलंत म्हणून आम्हीही सावध झालो. ऑर्डर राहिली. संध्याकाळी पहिलं मशीन घरघरलं, तेव्हा चहा दुधाविनाच प्यायलो. दूध आणायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

परतीच्या दिवशी तो मला एसटीत बसवायला आला. मॅडमचा इशारा एव्हाना सगळ्या वर्कशॉपना गेला होता, कुणाचंही नाव न घेता. खिडकीशी उभा असतानाच त्याचा फोन वाजला. शेजारच्या वर्कशॉपचा मालक होता. एसटीच्या गलक्यात ऐकू येईना म्हणून दिलीपनं स्पीकर लावला.

"दिलीपभाऊ, त्या इशाऱ्यात लिवलंय तसंच आमच्याकडं झालंय. आठवडा झाला. कुणाला बोललो न्हाई (नाही)."

"मूठ उघड, भावा. थांब, आलोच मी."

इतकी वर्षं मी पोरांकडून सरकारची कर्तव्यं घोकून घेतली. लाजलेल्या माणसाला बोलतं करणं, हे त्यांत कधी नव्हतं. एसटी हलली. मला हात करायलाही दिलीप थांबला नाही. तसाच पळत सुटला. एरवी मी केवढी चिडले असते!