हेल्मेट मी दिलं

शाळेच्या जिममधल्या फळीवर सगळ्यात वर डेल होलोवाकचं नाव आहे. अमेरिकन फुटबॉलच्या तीन वर्षांत त्रेचाळीस वेळा त्यानं समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याला, फेकायच्या आत आडवा केला. राज्याच्या संघात दोनदा निवड. पोलादाच्या भट्ट्या बंद पडल्यापासून आमच्या गावाला मिरवायला तेवढंच उरलंय. लोक मला विचारतात, "फ्रँक, तू तेव्हा संघाचं सामान सांभाळायचास ना? कसा होता रे तो?"

कसा होता म्हणे! डाव सुरू व्हायच्या आधी वाकलेल्या समोरच्या गड्याची जमिनीवर टेकलेली बोटं दाबून पांढरी पडली की तो पुढे घुसणार. नाही पडली, की मागे सरणार, म्हणजे त्यांचा क्वार्टरबॅक चेंडू फेकणार. डेल नुसती बोटं बघायचा. बाकीचे चेंडूकडे डोळे लावून बसायचे, गाढव कुठले!

सत्त्याऐंशी सालचा शेवटचा सामना, शनिवार दुपार. डेलचे बेचाळीस झाले होते, जुना विक्रमही बेचाळीसचाच. विद्यापीठाच्या संघासाठी खेळाडू निवडणारा माणूस खास त्याला बघायला आलेला. आम्ही तीन गुणांनी पुढे, मिनिटभर उरलेलं, आणि ते आमच्या गोलरेषेपासून दहा पावलांवर. तेवढ्यात डेल डोकं खाली घालून एकाला धडकला. उठला, पण डावा हात लोंबत होता.

गडी दुखावला की आम्ही आधी त्याचं हेल्मेट काढून घेतो. त्याशिवाय त्याला कुणी मैदानात सोडत नाही. मी ते काखेत दाबलं. डॉक्टर तापानं घरी पडलेले, म्हणून तपासणीही माझ्याच गळ्यात.

"माझी बोटं दाब. दोन्ही हातांनी."

उजव्यानं माझी बोटं मोडायची बाकी ठेवली. डावा नुसता टेकला.

"दाबलं की!" डेल म्हणाला.

"डोंबलाचं दाबलंस! बस खाली."

"एकच डाव रे, म्हाताऱ्या. त्यांची शेवटची संधी आहे. एकच!"

"मानेला काही झालं असेल तर? आयुष्यभर रडशील."

"बाहेर बसलो तर रडणार नाही होय?"

कोच ओरडला, "फ्रँक, लवकर बोल! बरा आहे का तो?"

मागे अख्खं गाव फळ्यांवर पाय आपटत होतं. खोटं कशाला बोलू? मलाही जिंकायचं होतं. जीव नुसता तडफडत होता जिंकायला.

"बरा आहे," मी म्हणालो.

हेल्मेट मीच त्याच्या डोक्यावर चढवलं. हनुवटीचा पट्टा त्याला लावता येईना, तोही मीच लावला.

डेलनं समोरची बोटं पाहिली. पांढरी नव्हती. तो बाजूनं सुटला आणि एका हातानं क्वार्टरबॅकला ओढून खाली आणला. त्रेचाळीस! गाव वेडं झालं. सगळे उठले, डेल उठला नाही.

काही महिन्यांनी तो चालू लागला, पण डावा हात पुन्हा कधी वर आला नाही. विद्यापीठाचा फोनही आला नाही. रस्तेखात्याच्या कचेरीत तो तीस वर्षं फोन घेतोय.

गेल्या महिन्यात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्याचा सत्कार झाला. जेवण वाढलेलं, तेवढ्यात तो उठला आणि उजवा हात माझ्या गळ्यात टाकून म्हणाला, "दुसऱ्या कुणीही मला बसवलं असतं. हा एकटा माझ्या बाजूनं उभा राहिला."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. त्यानं मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी खाली बसून त्याच्या ताटातलं मांस सुरीनं कापून दिलं. एका हातानं त्याला ते जमत नाही.