पांडूने तंबाखू खाल्ली नव्हती

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला पंचवीस माणसं लागतात. मासळी कधी मिळते, कधी नाही. पण पंचवीस तोंडं एका वाळूत जमली की किस्से रोज ढिगाने पडतात. बरेचसे ऐकून डोकंच फिरतं. हे आमच्या पांडूचे.

पांडूला दोन महिने गिळताना दुखत होतं. डॉक्टरकडे चल, सांगून मी दमलो. त्याचं एकच, "मी तंबाखू खातंय खंय? माका काय व्हतला?"

मानेवर लिंबाएवढी गाठ आली, तेव्हा दंडाला धरून एसटीत घातला.

* * *

मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी माझे काळे दात बघितले आणि मलाच म्हणाले, "आ करा."

"पेशंट तो," मी म्हटलं.

चाळीस वर्षं तंबाखू खाल्ली मी, आणि जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला पांडूला. डॉक्टर म्हणाले, "हा व्हायरसमुळे झालाय. वर्षानुवर्षं आत राहतो, एखाद्यालाच असा बाधतो. उपचार घ्या, बरे व्हाल."

पांडूने विचारलं काय? "कागदार लिवन देशात? रापणीवर दाखवूक. नायतर म्हणतले, चोरून खाय होतो."

* * *

कागद सगळ्यांनी वाचला. माझ्याबरोबर जाळं ओढणाऱ्या बापूने दोनदा. मग पुडी काढून चिमूट मळली आणि म्हणाला, "म्हणजे तंबाखूचो काय दोष नाय."

"एक सापान मेलो म्हणान तू विंचू खिशात घालतलंस?" मी म्हटलं.

"विंचवान कोण मरना नाय," म्हणाला, आणि चिमूट दाढेखाली सरकवली.

* * *

चहावाल्या दाजीने पांडूचा कप वेगळा टांगला. "व्हायरस आसा. लागात."

कपाने लागत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, हे मी तीनदा बोललो. चौथ्यांदा बोललो नाही. पांडूचा उष्टा चहा दाजीसमोर पिऊन दाखवला.

दुसऱ्या दिवशी दोन कप वेगळे टांगलेले.

* * *

इस्पितळात रेडिएशनची लाईट घेऊन घेऊन गाठ विरघळली, पण पांडूचा आवाज गेला. तीन महिने नुसत्या खुणा. शेवटी सगळ्या रापणीने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. पांडू माझ्या शेजारी हात जोडून उभा.

गुरव म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराची वाचा परत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे.

"ह्येना चोरून-मारून तंबाखू खाल्ल्यान आसात, तर ती चूक पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." सगळ्यात मोठ्याने बापू, तोंडातली चिमूट सांभाळत.

आणि माझ्या शेजारून, गंजल्या कप्पीसारखा करकरत आवाज आला, "नाय म्हाराजा!"