मोरसाचं काढलेलं पाणी

बकुळाकाकी नाचणकर कुणाला वाईट बोलून पाप घेत नसत. अपवाद एकच, त्यांच्या घोडपदेवच्या चाळीचा सेक्रेटरी हर्षवर्धन. त्याने गच्चीवरच्या शेतीचा तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला आणि सर्टिफिकेट देवांच्या फोटोंच्याही वर टांगलं. काकींच्या मते तिथेच काय ते कळलं.

शिवडीच्या खाडीकाठी खाऱ्या चिखलात मोरस हा खारट पाला उगवतो. कोकणातली माणसं तो दोनदा उकळून खारं पाणी ओतून टाकतात आणि भाजी करतात. उकळून उरलेला मोरस काकी गुळाच्या पाण्यात कुजवायच्या आणि ते पाणी बादलीत कपभर मिसळून रोपांना घालायच्या. यंदा गॅलरीतल्या ट्रेमध्ये सासूबाईंच्या वांग्याची एकवीस रोपं उभी होती. बी तेवढंच होतं. गावातही आता कुणाकडे उरलं नव्हतं.

हर्षवर्धन या खताची कृती विचारायला आला.

"मोरस उकळायचा, पाणी काढायचं, मग..."

"कळलं काकी! सायन्स आहे हे."

त्याने जे पाणी काढलं तेच कॅनमध्ये भरलं. मोरस टाकला कचऱ्यात. कॅनवर 'सागरामृत' असं लेबल लावलं, खाली स्वतःचा हसरा फोटो.

सोमवारी काकी देवळात गेलेल्या असताना त्याने व्हिडिओसाठी काकींच्याच ट्रेमध्ये ते ओतलं. त्या परतल्या तेव्हा रोपांनी माना टाकल्या होत्या. काकींनी कॅनमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं.

"मेल्या, हे तर काढलेलं पाणी!"

"तुम्हीच म्हणालात, पाणी काढायचं!"

"काढून टाकायचं! भाताची पेज आहे काय ती?"

"पण मीटरवर पीएच बरोबर आलाय, काकी."

"चाखून बघायचं होतंस. का जीभपण फ्रेम करून टांगलीस?"

खार धुऊन निघावा म्हणून काकींनी देवाचं नाव घेत दिवे लागेपर्यंत ट्रेमधून बादल्यांवर बादल्या गोडं पाणी जाऊ दिलं. सहा रोपं वाचली.

आठवड्याने चाळीच्या ग्रुपवर त्या सहांचाच फोटो आला, खाली 'सागरामृताची कमाल'. लोकांनी अंगठेही दिले.

काकींच्या मते असल्या माणसाशी भांडणं म्हणजे त्याला मोठं करणं. त्यांनी बी एका जागी ठेवायचं नाही असं ठरवलं आणि एकेक रोप सहा घरांत दिलं. सहावं हर्षवर्धनच्या बायकोला, मेघनाला. पोर शहाणी होती, फक्त नशीब तेवढं वाईट.

"खिडकीत ठेव," काकी म्हणाल्या. "आणि पाणी तूच घाल. त्याला सांग, प्लास्टिकचं आहे."